स्पोर्ट्स कूपेची टेस्ट ड्राइव्ह : वीस मिनिटांत वर्षभराचे प्रश्न कसे विचारावेत

नवी स्पोर्ट्स कूपे वीस मिनिटे चालवून आलेल्या माणसाला गाडी कशी वाटली असे विचारले, तर तो पिकअपबद्दल आणि एक्झॉस्टच्या आवाजाबद्दल बोलतो. तीच गाडी वर्षभर वापरलेल्या मालकाला विचारले, तर तो दाराच्या लांबीबद्दल, मागच्या टायरांच्या खर्चाबद्दल आणि तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर गाडीचे नाक घासेल की काय या धाकधुकीबद्दल बोलतो. दोघेही खरेच सांगत असतात. मात्र गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला ती वीस मिनिटे एकदाच येतात आणि पुढची वर्षे रोज येतात. म्हणून मालकांचे अनुभव आधी वाचावेत, त्यांतून प्रश्न काढावेत आणि टेस्ट ड्राइव्हमध्ये ते प्रश्न स्वतःच्या हातापायांनी तपासावेत, हा क्रम मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. उलट क्रमाने जाणारा माणूस गाडीच्या प्रेमात पडून परततो आणि मग मालकांच्या लिखाणात आपल्याला हवे तेवढेच शोधत बसतो.

मालकांचे म्हणणे वाचताना

मालकाचे मत वाचण्याआधी त्याची गाडी किती किलोमीटर चालली आहे ते पाहावे. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या मजकुरात गाडीपेक्षा लिहिणाऱ्याचा आनंदच अधिक असतो आणि त्यात गैर काही नाही. पण ‘आपला तो बाब्या’ हा न्याय महागड्या गाडीला जरा जास्तच लागू पडतो, कारण एवढा पैसा ओतल्यावर आपली निवड चुकली असे चारचौघांत कबूल करायला मोठे मन लागते. ज्याच्या गाडीची पहिली सर्व्हिस झाली आहे, टायरांची एक जोडी बदलून झाली आहे आणि जिने एक अख्खा पावसाळा किंवा हिवाळा काढला आहे, अशा मालकाचे चार ओळींचे कोरडे टिपण पहिल्या आठवड्यातल्या चार पानांपेक्षा अधिक सांगते.

लिहिणारा कोणत्या गाडीतून उतरून या गाडीत बसला आहे, हेही शोधावे लागते. मऊ सस्पेन्शनच्या मोठ्या सेडानमधून आलेल्या माणसाला जी गाडी दगडासारखी कडक वाटते, तीच गाडी ट्रॅकवर पळवायच्या गाडीतून आलेल्याला सोफ्यासारखी वाटू शकते, आणि दोघेही ‘सस्पेन्शन’ या एकाच शब्दाखाली परस्परविरुद्ध निकाल देतात. त्यामुळे विशेषणे बाजूला ठेवून आकडे आणि प्रसंग टिपावेत. मागचे टायर किती किलोमीटरवर बदलले, गाडी किती दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरली, टाकी भरल्यावर प्रत्यक्षात किती अंतर कापले गेले, असे जे जे मोजलेले असते ते भरवशाचे असते.

एकाच नावाखाली किती वेगळ्या गाड्या असू शकतात, हे लक्षात न घेतल्यामुळे सर्वाधिक घोटाळा होतो. लेक्सस एलसी ५०० मध्ये ५ लिटरचे, टर्बो नसलेले व्ही-८ इंजिन आणि दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, तर एलसी ५००एच मध्ये साडेतीन लिटरचे व्ही-६ इंजिन आणि हायब्रिड यंत्रणा आहे. बाहेरून दोन्ही बहिणी सारख्या दिसतात, पण ब्रेक पेडल दाबताना पायाला जे जाणवते ते दोघींत वेगळे असते. बीएमडब्ल्यू एम-४ च्या आधीच्या पिढीत सात गिअरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मिळत असे, तर २०२० मध्ये आलेल्या पिढीत आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा जोड) असलेला ऑटोमॅटिक आला, त्यामुळे रांगत्या वाहतुकीत गाडी धक्के देते ही जुनी तक्रार नव्या गाडीला चिकटवण्यात अर्थ नाही. एलसीच्या, मधला पडदा चालवायच्या टचपॅडवर मालक आणि परीक्षक दोघेही वर्षानुवर्षे वैतागत असत. २०२४ च्या मॉडेलपासून तिथे टचस्क्रीन आला आणि त्या विषयावरचे जुने लिखाण एका फटक्यात निरुपयोगी झाले. तेव्हा मॉडेलचे वर्ष, इंजिन, गिअरबॉक्स, चाकांचे माप आणि सस्पेन्शनचा प्रकार या गोष्टी जुळल्याशिवाय कोणाचाही अनुभव आपल्या वहीत उतरवू नये.

तक्रार कशाची आहे, हेही नीट पाहावे. थंडीच्या दिवसांत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू मागे घेताना पुढची चाके जमिनीवर टप्प्याटप्प्याने उड्या मारल्यासारखी सरकतात आणि ‘खट्-खट्’ असा हादरा हातात येतो, असे या प्रकारच्या गाड्यांचे कितीतरी मालक लिहितात. वाचणाऱ्याला वाटते की सस्पेन्शन गेले. प्रत्यक्षात पूर्ण वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या त्रिज्येचे वर्तुळ कापायचे असते आणि वेगात अचूक वळण्यासाठी बेतलेली स्टिअरिंगची भूमिती अशा कोनात दोन्ही चाकांना तंतोतंत जुळवून घेत नाही. त्यात रुंद उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली ताठर झाले की ते न वाकता घसरते आणि पुन्हा पकडते. हा दोष नव्हे, स्वभाव आहे. मात्र रोज सकाळी अरुंद जागेतून गाडी काढायची असेल, तर तो स्वभाव आपल्याला चालेल का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

इंजिन सुरू करण्याआधी

शोरूममध्ये पोहोचल्यावर किल्ली हातात घेण्याची घाई करू नये. कूपे हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘कापलेली’ असा आहे. आतली एक बाजूची बैठक कापून आखूड केलेल्या घोडागाडीला तो लावत असत. आजच्या कूपेतही काय काय कापले आहे ते उभ्या गाडीतच समजते. दोनच दारे असल्याने प्रत्येक दार लांब असते, आणि लांब दार निम्मेच उघडता येईल अशा जागी गाडी उभी असली की उतरणे म्हणजे कसरत होते. म्हणून दार पूर्ण न उघडता, शेजारी दुसरी गाडी उभी आहे असे समजून, दोनतीनदा आत बसावे आणि उतरावे. सीटबेल्टही खांद्याच्या बराच मागे राहतो. मर्सिडीजने १९८१ च्या आपल्या मोठ्या कूपेत बेल्ट पुढे आणून देणारा यांत्रिक हात बसवला होता, यावरून ही अडचण किती जुनी आहे ते कळावे. ज्याचा खांदा दुखतो त्याने हा एक प्रयोग तरी चुकवू नये.

मागच्या सीटची परीक्षा एकाच रीतीने होते : पुढची सीट आपल्या उंचीला लावायची आणि तिच्या मागे आपणच बसून पाहायचे. पोर्शे ९११ सारख्या गाडीत मागच्या जागा प्रौढ माणसांसाठी नाहीतच आणि कंपनीचा तसा आग्रहही नसतो. त्यांच्या पाठी दुमडून तिथे बॅगा ठेवल्या जातात, कारण इंजिन मागे असल्यामुळे सामानाची मुख्य डिकी पुढच्या बॉनेटखाली आहे. डिकी किती लिटरची आहे हा आकडा वाचून फारसे काही कळत नाही. प्रवासाला नेहमी नेतो ती बॅग सोबत न्यावी आणि ती आत घालून झाकण लावून पाहावे. विक्रेता हसला तर हसू द्यावा.

आता टायरपाशी खाली वाकावे. बाजूच्या भिंतीवर २८५/३० असे काही लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो आणि दुसरा आकडा भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. बीएमडब्ल्यू एम-४ कॉम्पिटिशनच्या मागच्या टायरचे हेच माप आहे. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे ८५ मिलिमीटर रबर आहे. एलसी ५०० च्या २१ इंची चाकांवर मागे २७५/३५ मापाचा टायर असतो, तेव्हा तिथे साधारण ९६ मिलिमीटर येतात. खड्ड्याच्या कडेवर रिम वाकेल की वाचेल, हे पुष्कळदा या सेंटिमीटरभराच्या फरकावर ठरते. त्याच भिंतीवर डीओटी या अक्षरांपाशी शेवटचे चार आकडे असतात. ते २३२४ असतील तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नवी म्हणून दाखवलेली गाडी शोरूममध्ये किती काळ उभी आहे, याचा अंदाज यावरून बांधता येतो. टायर रनफ्लॅट आहेत का, हेही विचारावे. असे टायर हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटरपर्यंत, ताशी ८० च्या आत चालवता येतात, पण अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते आणि लांबच्या प्रवासात रात्री टायर फाटला की त्या ८० किलोमीटरांचा हिशेब नीट समजतो.

चालवताना

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता विक्रेत्याने ठरवू नये. त्याचा ठरलेला रस्ता गुळगुळीत असतो आणि त्यावर कोणत्या वळणापाशी गाडी उत्तम वाटते हे त्याला पाठ असते. आपण रोज जातो त्यातलाच, गतिरोधक, उखडलेला पट्टा, एक चढ, एक अरुंद वळण आणि थोडा मोकळा रस्ता असलेला दहा-बारा किलोमीटरचा फेरा निवडावा, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी, त्याच फेऱ्यावर आधी आपली सध्याची गाडी चालवावी. हे सांगायला साधे वाटते, पण माझ्या अनुभवात याच्याइतकी उपयोगी युक्ती दुसरी नाही. कालची आठवण आणि आजचा अनुभव यांची तुलना मन आपल्या सोयीने करते, तर दोन तासांच्या अंतराने केलेली तुलना पाठीचा कणा करतो.

गाडी थंड असतानाच मिळावी अशी आधी विनंती करावी आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावा. थंड इंजिन सुरू होताना एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक लवकर तापावा म्हणून काही वेळ जास्त फेऱ्यांवर (म्हणजे मिनिटाला अधिक वेळा फिरत) चालते आणि मोठ्याने गरजते. सकाळी सहाला निघणाऱ्या माणसाच्या शेजाऱ्यांना हा आवाज रोज ऐकावा लागणार असतो, म्हणून तो बाहेर उभे राहून ऐकावा. आतून ऐकू येणाऱ्या आवाजाची गोष्ट वेगळी आहे : अनेक नव्या गाड्यांत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवला जातो. काच खाली घेऊन आणि वर करून, तसेच चालवण्याचा मोड (कम्फर्ट, स्पोर्ट) बदलून पाहिल्यास त्यातला इंजिनाचा वाटा किती आणि स्पीकरचा किती, हे कानाला कळू लागते.

पहिली काही मिनिटे गाडी मुंगीच्या पावलाने चालवावी. सगळे वेगात गाडी तपासायला जातात, आणि वेगात तर या वर्गातली प्रत्येक गाडी चांगलीच असते. पार्किंगमध्ये ब्रेकवरचा पाय हलकेच उचलून गाडी किती अलगद सरकते ते पाहावे. चढावर मागे घेऊन पाहावी. समोरच्या गाडीमागे थांबत-सरकत जावे. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये, पोर्शेच्या आठ गिअरच्या पीडीके सारख्या परिपक्व यंत्रणेतही, रांगताना क्लच जोडला-सोडला जात असतो आणि त्याची किंचित चाहूल लागू शकते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये मधले तेल तो धक्का पिऊन टाकते. हायब्रिड गाडीत ब्रेक पेडलच्या पहिल्या सेंटिमीटरकडे लक्ष द्यावे, कारण तिथे मोटर गाडी रोखत असते आणि पुढे घर्षणाचे ब्रेक तिच्याकडून काम हाती घेतात. ही अदलाबदल पायाला कळू नये, अशी अपेक्षा असते. सिग्नलजवळ अगदी थांबता थांबता गाडी नाक खुपसते का, एवढे पाहिले तरी पुरे. ब्रेकच्या डिस्क कार्बन-सिरॅमिकच्या असतील तर त्या थंड असताना कुरकुरतात, हे माहीत असू द्यावे. लोखंडी डिस्कपेक्षा त्या बऱ्याच हलक्या असतात आणि गंजत नाहीत, पण बदलायची वेळ आली तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो, आणि ट्रॅकवर न जाणाऱ्या माणसाने त्यांच्यासाठी पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

त्यानंतर संपूर्ण फेरा कम्फर्ट मोडमध्ये पूर्ण करावा आणि मगच उखडलेल्या पट्ट्यावर परत येऊन स्पोर्ट मोड लावावा. आधी स्पोर्टमध्ये चालवले, तर नंतरचा कम्फर्ट आपोआप गादीसारखा वाटतो आणि फसगत होते. गतिरोधकावर गाडी एकदा वर-खाली होऊन शांत होते की दोनदा, छोट्या भेगांचा आवाज फक्त कानाला येतो की कमरेलाही जाणवतो, हे पाहावे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, स्थिर वेगाने पाचेक मिनिटे रेडिओ बंद ठेवून जावे; काही एक्झॉस्ट नेमक्या याच टप्प्यात घुमू लागतात, आणि जो घुमारा पाच मिनिटे मर्दानी वाटतो तो पाच तासांच्या प्रवासात डोके उठवतो.

ताकदीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, एवढे मात्र समजून घ्यावे की कमाल आकड्यापेक्षा तो कोणत्या फेऱ्यांवर मिळतो हे रोजच्या वापरात महत्त्वाचे ठरते. एम-४ कॉम्पिटिशनचा ६५० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) मिनिटाला २,७५० फेऱ्यांपासून हाताशी असतो. एलसी ५०० चा ५४० न्यूटन-मीटर मिळायला इंजिन ४,८०० फेऱ्यांवर न्यावे लागते आणि ४७१ अश्वशक्ती तर ७,१०० वर भेटते. म्हणून शहरी वेगात, साधारण २,००० फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर निम्माच दाबून गाडी काय करते ते बघावे. एक ताबडतोब ओढ घेते, दुसरी दोन-तीन गिअर उतरवून, आवाज करून मग पळते. ज्याला तो आवाजच हवा आहे त्याला हे वाट पाहणे गोड लागते. लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या जागेवरून गाडी जास्तीत जास्त जोराने सोडणारी सोय, वापरून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. त्यातून गाडीबद्दल काही कळत नाही आणि रस्ता सार्वजनिक असतो.

परतताना निम्मे अंतर शेजारच्या सीटवर बसावे. घरातले कोणी सोबत असेल तर त्यांना तिथे बसवून, काही न विचारता, ते कोणत्या क्षणी हँडल पकडतात ते पाहावे.

विक्रेत्याकडे त्या डेमो गाडीत बसवलेल्या सर्व पर्यायांची यादी मागावी. मागची चाकेही वळवणारी यंत्रणा असलेली गाडी कमी वेगात पुढच्या चाकांच्या उलट दिशेने मागची चाके फिरवते, त्यामुळे ती अरुंद वळणात आखूड वाटते. जास्त वेगात ती त्यांना पुढच्या चाकांच्याच दिशेने वळवते आणि गाडी स्थिर ठेवते. डेमो गाडीत ही यंत्रणा असेल आणि आपण मागवणार असलेल्या गाडीत नसेल, तर आपण वेगळीच गाडी चालवून आलो आहोत असे समजावे. सीटचेही तसेच. डेमो गाडी अनेकांनी दामटलेली असते याचे मात्र वाईट वाटून घेऊ नये. पाच-सहा हजार किलोमीटरनंतर डॅशबोर्ड कुरकुरतो का, सीटच्या कडेचे चामडे कितपत सुरकुतले आहे, हे नव्याकोऱ्या गाडीत दिसतच नाही.

दुसरी फेरी

गाडी परत केल्यावर तासाभरात टिपण लिहावे, आणि निर्णय त्याच दिवशी घेऊ नये. एकदा मी एका कूपेवर पहिल्या फेरीत इतका भाळलो की टिपणात तीन ओळी केवळ स्टिअरिंगच्या कौतुकाच्या निघाल्या. आठवड्याने दुसऱ्यांदा, थोडा लांब फेरा घेतला, तेव्हा चाळिसाव्या मिनिटाला लक्षात आले की पाय मोकळा ठेवला की गुडघ्याची बाहेरची बाजू मधल्या कन्सोलच्या कडेवर टेकते, आणि ती कड नेमकी चामड्याखालच्या शिवणीपाशी टणक आहे. हाताने दाबून पाहिले तर काहीच नव्हते. गुडघ्याला मात्र घरी आल्यावर लालसर खूण होती. त्या गाडीच्या मालकांचे लिखाण पुन्हा चाळले, तर एका उंच मालकाने तिथे उशीसारखी पट्टी चिकटवल्याचे एका ओळीत नोंदवले होते. पहिल्या वाचनात ती ओळ माझ्या नजरेतून निसटली होती, कारण तो प्रश्न तेव्हा माझ्याजवळ नव्हता.

दुसरी फेरी शक्यतो रात्री किंवा पावसात घ्यावी. फिकट रंगाचा डॅशबोर्ड उन्हात समोरच्या काचेत परावर्तित होतो आणि पोलराइज्ड गॉगल लावल्यावर समोरच्या काचेवर वेग वगैरे दाखवणारा हेड-अप डिस्प्ले पुष्कळदा दिसेनासा होतो, हे दिवसा तपासावे. रात्री मात्र मागच्या चिंचोळ्या काचेतून आणि जाड खांबांमधून किती दिसते, कॅमेऱ्यावर कितपत विसंबावे लागते, हे कळते. पोर्शे ९११ च्या सध्याच्या पिढीत, म्हणजे २०१८ च्या अखेरीस दाखवलेल्या ९९२ मध्ये, ओला रस्ता ओळखून चालकाला वेट मोड सुचवणारी व्यवस्था आहे. अशी सोय असलेली गाडी पावसात चालवायला मिळाली तर ती संधी सोडू नये.

या टप्प्यावर एखाद्या मालकाची प्रत्यक्ष भेट घेता आली तर उत्तम. ‘गाडी कशी आहे’ असे विचारू नये, त्याचे उत्तर ठरलेले असते. गेल्या महिन्यात ती किती वेळा बाहेर काढली आणि किती वेळा दुसरी गाडी नेली, हे विचारावे, आणि तो बोलत असताना त्याच्या चाकांच्या कडांवर नजर टाकावी. फुटपाथला घासलेल्या रिमवरच्या खुणा रुंद गाडी अरुंद जगात कशी वावरते ते सांगून टाकतात. बऱ्याच दिवसांनी गाडी काढत असेल तर बॅटरीला चार्जर जोडून ठेवतो का, आणि पहिले काही हजार किलोमीटर त्याने गाडी कशी चालवली, हेही विचारावे. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिल्या २,००० किलोमीटरला इंजिनाचे आणि डिफरन्शियलचे (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाचे) तेल बदलणारी सर्व्हिस असते. ती वेळेवर झाली होती का, या प्रश्नाला मालक किती पटकन उत्तर देतो यावरून त्याच्या बाकीच्या मतांना किती वजन द्यावे ते ठरवता येते.

शेवटची चाचणी आपल्या पार्किंगच्या उतारावर घ्यावी. विक्रेत्याला सोबत घेऊन गाडी तिथपर्यंत न्यावी, नाक उचलणारी यंत्रणा असेल तर ती वर यायला किती सेकंद घेते ते मोजावे, नसेल तर कोणी तरी बाहेर वाकून बंपर आणि जमीन यांच्यामधली फट पाहत असताना गाडी तिरकी करून अगदी हळू उतरवावी. आपल्या जागेत ती उभी केल्यावर दोन्ही बाजूंचे दार किती उघडते तेही तिथेच पाहून घ्यावे. विक्रेता एवढ्या लांब यायला तयार नसेल, तर तेच मॉडेल एका दिवसासाठी भाड्याने मिळते का याची चौकशी करावी आणि तो दिवस कामाचा निवडावा, सुट्टीचा नव्हे.